सत्तेचाळीस नंबरला मामा

नांदेडचं दुकान दहाला उघडतं,
आम्ही नऊलाच शटरसमोर.
खिशात पार्टीचे अठ्ठावीस हजार, रबर लावलेले,
हळदीच्या दिवसांतल्या सुपाऱ्यांचे.
सोबत मुंजाजी मामा.
"डबा घ्यायचा तर कानवाला माणूस लागतो," म्हणाला,
आणि वसमतपासून खिडकीची जागा त्यानंच धरली.

खुर्शीदभाईंनी काउंटरवर तीन मॉड्यूल मांडले.
पहिल्यात सातशे आवाज.
काचेखाली निळी अक्षरं सरकत गेली:
तबला एक, तबला दोन, ढोल, कोंगो,
काच फुटणे, टाळ्या, हेलिकॉप्टर.
मामानं विचारलं, "हलगी?"
खुर्शीदभाई बटण दाबत दाबत शेवटाला पोचले,
"ये सुनो चाचा, आसपास का है."

आसपास.
मामाची उमर तशीच गेली,
मंडपाच्या दोरीबाहेर, उष्ट्या पत्रावळींच्या अंगाला.
आवाज तेवढा आत जायचा
नवरदेवाच्या कानापर्यंत.

दुसऱ्यावर मी एकाच पॅडला दहा ठोके दिले.
दहाही एका साच्यातल्या विटा.
मामानं हेडफोन एकाच कानाला धरलेला,
"हा गडी दमत कसा नाही रे?"
"मशीन आहे, मामा."
"असू दे की. पाचव्याला मनगट ढिलं पडतंच.
नाही पडलं तर माणसं नाचतील कशावर?"

तिसऱ्यावर नखानं मारून बघितलं, मग बोटाच्या पेरानं.
कुजबुजसुद्धा उमटायली होती,
काठी टेकायच्या आतच आवाज हजर,
कडेला मारलं तर कडेचा, मधे मारलं तर मधला.
किंमत ऐकली
आणि काठ्या हळूच खाली ठेवल्या,
दुसऱ्याच्या ताटातली पोळी परत ठेवावी तशा.

"दुसराच घ्या," खुर्शीदभाई म्हणाले,
"यात चाळीस कप्पे रिकामे आहेत. आपला आवाज भरा.
एका पॅडला चार ठोके लावा, आळीपाळीनं वाजतील."
मामा त्या रिकाम्या आकड्यांकडं बघत राहिला,
प्लॉट बघावा तसा.

रात्री हळदीच्या कढईखालचे निखारे ओढून
मामानं हलगी शेकली.
पंखा बंद, कुत्रं हाकललं, पोरं चूप.
टिपरू पडलं. घेतलं. पुन्हा पडलं. पुन्हा घेतलं.
एकात मागून कुणाचातरी पाटा वाजला, तो पुसला.
मग म्हणाला, "आता थांब. हिला गार होऊ दे."
"कशाला?"
"दव पडल्यावर हिचा गळा बसतो. ते बी भर.
रात्री दोनला खणखणीत हलगी
खोटारडी वाटती."
म्हणून सत्तेचाळीसला शेकलेली,
अठ्ठेचाळीसला गारठलेली.

काठ्या पिशवीत घालता घालता
त्यानं मुद्द्याचं काढलं:
"माझा आवाज वाजणार. माझी अर्धी पत्ती."
बेंजोवाला दत्तराव हसला.
मामा नाही हसला.

जवळा बाजारला पहिली तारीख.
मी स्टेजवर, समोर चार पायांचा स्टँड, वर दिवे,
आणि मंडपाच्या आत, तिसऱ्या रांगेत,
लाल खुर्चीवर मुंजाजी मामा, इस्त्रीचा सदरा.
कुणी उठवलं नाही त्याला.
मी सत्तेचाळीस मारला. बाया फुगडीला उठल्या.
तो ना नाचला, ना मान डोलावली,
नुसता अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता.

परतीच्या टेम्पोत, डब्याशेजारी बसून, हिशेब दिला:
"एकशे बारा वेळा वाजलो.
पुढं जिलबी आली, मोजायचं राहिलं.
सातदा तू मला चुकीच्या जागी मारलंस,
त्याचे पैसे नको."