टप

नेरिसनं घेतली दोन मालक पाहून आलेली गाडी.
लाल होती म्हणे; आता गाजरासारखी.
टप कापडाचा. मागची प्लॅस्टिकची काच
जुनाट, पिवळी पडलेली.

डिकीत मावतात दोन पाव आणि एक छत्री.
छत्री लागते. आतसुद्धा.
वेल्समध्ये ऊन येतं ते उभ्या उभ्या,
चहालाही न थांबता.

जानेवारीत कुणीतरी ब्लेडनं टप फाडला,
नेली फक्त पार्किंगची चिल्लर.
दाराला तर कुलूपही नव्हतं.

"विकून टाक," म्हणतो भाऊ एमलिन,
गुडघे हनुवटीला टेकलेले.
ती टाकणारच होती.

पण रविवारी वृद्धाश्रमातून बापाला आणायचं असतं.
इदवाल. स्लेटच्या खाणीत एकतीस वर्षं,
डोक्यावर अख्खा डोंगर.
त्याला वाकून दारातून शिरता येत नाही;
टप उघडून दोघं त्याला वरून सोडतात,
आडात पोहरा सोडावा तसा.
पोहरा शिव्या देतो.

मग वर बघतो.
भुरभुर सुरू होते.
नेरिस टपाच्या खटक्याकडे हात नेते.

"राहू दे,"
म्हणतो इदवाल, आणि टोपी काढून
मांडीवर ठेवतो.