स्वल्पविराम

तार्तूत बाहेर उणे सतरा. नदी गोठलेली.
पेर्नूच्या इस्पितळात रक्तपेढीचा फ्रिज
रात्री पावणेदोनला ओरडू लागला: बेचाळीस अंश.
नर्सनं आत हात घालून पाहिला. गारच होता.
तरी नियम तो नियम;
सव्वीस पिशव्या तिनं एकटीनं
दुसऱ्या मजल्यावर वाहून नेल्या.

आम्ही लिहितो ४,२.
सेबूत लिहितात ४.२.
मधलं ते शेपूट त्यांच्या प्रोग्रामनं झटकून टाकलं
आणि चार पूर्णांक दोनाचे बेचाळीस झाले.

सकाळी राइनरनं विचारलं, कुणाचं काम हे?
तो आवाज चढवत नाही,
टेबलावरचा कप फक्त इंचभर सरकवतो.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे
माझ्यातून पलीकडे, सहा तास पूर्वेला,
मेरलिंडाकडे.

मी जुने निरोप उपसत बसले,
तिची चूक सापडावी म्हणून. खोटं कशाला बोलू?
सापडला तो तिचा प्रश्न. तीन आठवड्यांपूर्वीचा.
चार ओळी आभार, वादळाची बातमी, माझ्या मुलाचा खोकला,
आणि तळाशी, ताकाला येऊन भांडं लपवावं तसं:
"एक बारीकशी शंका, वेळ असेल तरच,
टिंब की स्वल्पविराम?"

मी वाचला होता. उत्तर दिलं नव्हतं.
आमच्याकडे गप्प बसणं म्हणजे: ठीक आहे, चालू दे.
तिला ते ऐकू आलं: पुन्हा विचारू नकोस.
आणि तिचं "हो, हो",
जे वर्षभर मी होकारात जमा केलं,
ते नुसतं "ऐकतेय" होतं.

त्या रात्री अकराला दुरुस्ती चढवताना
तिच्या माइकमधून कोंबडा आरवला.
किती वाजले तुझ्याकडे?
मी पहिल्यांदाच विचारलं.
पाच, ती म्हणाली. शेजाऱ्यांचा आहे. दर वेळी आरवतो.

दर वेळी.
म्हणजे दीड वर्ष मी त्याला
लाइनीतली खरखर समजत होते.

आता रोजच्या नोंदीच्या शेवटी एक रकाना आहे:
"मला न कळलेलं."
रिकामा ठेवता येत नाही.
राइनरला तो मुळीच आवडत नाही. परवा त्यानंही भरला,
दोनच शब्द, आणि कप सरकवला.
चाचण्यांच्या यादीत आता पेर्नूचा फ्रिज आहे,
आणि कोंबड्याच्या नावाची एक फाइल.

नर्सचं नाव
आम्ही अजून विचारलेलं नाही.