तीच डबी

वडगावच्या मागावर तीस वर्षं
धागा तुटला की हाताला कळायचा,
बघावं लागत नसे.
हे मात्र कळलं नाही.
जबडा दुखला, दाढ म्हटलं.
घाम फुटला, उन्हाळा.
नर्सनं विचारलं, "एदे नोवु?"
नव्हे बाई, गॅस आहे.

आता खिशात पितळी डबी,
जिभेखालच्या गोळ्यांची पट्टी घडी घालून.
पूर्वी तंबाखूची. तीच.
तीनदा धुतली, वास जाईना.

पहाटे किल्ला तळ्याकाठी चालायलोय.
मला दम लागला की भरमाण्णा
उगाच चपलेचा अंगठा बघत थांबतो.

बारशाला चमच्याच्या टोकावर कुंदा घेतला;
मालन काही बोलली नाही,
मिठाची बरणी ठेवलीय त्या फळीकडं बघत राहिली.

छातीत जाळी बसवलीय म्हणे, बारीक.
विण कशी असेल?
हात लावून बघता येत नाही.