तसू

मोजायचं होतं, कारण भावांना फुटात हवं होतं.
टेपचं एक टोक एलियाच्या हातात, वही माझ्याकडे,
आणि प्रभाकर पुण्यातून, फोनचा आवाज मोठा करून,
शेकोटीच्या फळीवर ठेवलेला.

मिरजेत असं घर दुसरं नाही.
छप्पर कपाळावर ओढलेल्या टोपीसारखं,
वासे भिंतीबाहेर हातभर आलेले, टोकं उघडी,
व्हरांड्याचे काळ्या दगडाचे खांब खाली रुंद, वर निमुळते,
पाय फाकवून उभ्या पैलवानांसारखे.
आराखडा अमेरिकेतून पोस्टाने आला, एकोणीसशे बारात,
मिशन शाळेच्या हॉलिस साहेबाच्या नावे.
साग दांडेलीचा, लोंड्यावरून रेल्वेने.
आणि हात सुबराव पांचाळाचा,
जो एरवी तंबोऱ्याच्या दांड्या तासायचा.

साहेब म्हणाला, नक्षी नको.
वेलबुट्टी नको, रंग नको,
लाकूड लाकडासारखं दिसू दे, सांधा सांध्यासारखा.
सुबरावला वाटलं, साहेबाचे पैसे संपले.
त्याने मजुरीतले आठ आणे सोडले.
साहेबाने ते परत केले, जरा रागानेच.
दोघांना एकमेकांचं काही कळलं नाही
आणि घर उभं राहिलं.

आराखड्यात शेकोटी होती म्हणून शेकोटी झाली.
मिरजेत!
जिथे एप्रिलात कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसतो.
ती एकदाच पेटली, अठराच्या साथीत:
साहेबाच्या मुलीची गादी, उशी,
आणि एक कापडी बाहुली.
धुराड्यात अजून काजळी आहे,
एका दुपारची.
आमच्या वेळी तिथे रिकामं सिलिंडर असायचं.
नाताळात ते हलवून गव्हाणी मांडायची.

बाबांनी हे घर चोपन्न साली घेतलं.
शांतवन उजगरे, एक्स-रे खातं, एकवीस वर्षांचे हप्ते.
दिवसभर माणसांच्या फिल्मा उजेडाला धरून
संध्याकाळी ते व्हरांड्यात बसून वर बघत.
या घराची हाडं बाहेर आहेत, म्हणायचे,
इथे मला मशीन लागत नाही.

हॉलची उत्तर भिंत: सोळा फूट साडेचार इंच.
दक्षिण भिंत: सोळा फूट तीन.
पुन्हा मोजलं. तेच.
एलिया म्हणाला, टेप ताणून धर.
ताणून धरली. तेच.

मग खिडकीतल्या बाकाची फळी उचलली.
खाली पेन्सिलीने सुबरावचा हिशेब,
शंभर वर्षं कुणी पुसला नव्हता.
मोडी मला येत नाही, आकडे येतात.
साहेबाचे फूट त्याने तसूंत नेले होते,
चोवीस तसूंचा गज, ओळीखाली ओळ,
आणि शेवटी उरलेला एक,
त्याभोवती गोल.

म्हणजे त्याला माहीत होतं.
तो एक कुठेतरी घालायला हवा होता,
तो त्याने बाकात घातला.
एका टोकाला बाक बोटभर रुंद आहे.
मी नेहमी त्याच टोकाला बसायचे,
का ते मला कधी सांगता आलं नसतं.

प्रभाकरच्या यादीत लिहिलंय: फर्निचर, तीन हिस्से.
पण बाक भिंतीत आहे,
पुस्तकांची कपाटं खांबांत,
ताटांची मांडणी स्वयंपाकघराच्या पाठीत.
बाक काढायला जावं तर भिंत येते,
भिंतीच्या मागून वासा.
उचलून नेता येईल असं
सुबरावने इथे काहीच केलं नव्हतं.
एलिया कपाटाचं दार उघडतो, मिटतो. पुन्हा उघडतो.
बिजागरी कुरकुरत नाही.

किती भरलं? फोन विचारतो.
मी दोन्ही आकडे सांगते.
मधला फरक?
एक तसू.
म्हणजे किती?

मी अंगठा आडवा धरून दाखवते,
इतकं,
त्याला दिसत नाही हे विसरून.