पाटा

पार्क मैदानावर धावफलकाच्या मागं, परांचीवर बसून
बावीस वर्षं आकडे टांगले मी.
पत्र्याचे, पांढरा ऑइलपेंट मारलेले.
पोटाला माग होता साखर पेठेत,
सामना असला की खाडा.

त्या सामन्याची खेळपट्टी मला आठवते.
आमची काळी माती, उन्हात तडकणारी,
पण तिला भेग म्हणून नाही.
‘चारही दिवस पुरली पाहिजे’ असा वरून निरोप,
म्हणून बाळप्पानं रोलर फिरवला, फिरवला,
सुताला खळ देऊन ताणावं तशी ताठ केली.

पहिल्या दिवशी टाळ्या झाल्या.
दुसऱ्या दिवशी जेवणाआधीच सहाचे पत्रे संपले,
नऊ उलटा टांगला, कुणी हरकत घेतली नाही.
बादच्या खिळ्यावर मात्र सकाळपासून दोन.
त्याच्या काठाला कोळ्यानं एक धागा बांधला,
चहापानापर्यंत आणखी चार.
मी विणकर माणूस, लगेच ओळखलं,
ताणा झालाय याचा,
आता निवांत बाणा घालत बसेल.

आणि खाली इरण्णा धुम्मा, डावरा फिरकीवाला,
तर्जनीच्या कडेला चवलीएवढा घट्टा.
एक्कावन्न षटकं.
उंची दिली, वेग कमी केला, क्रीजच्या कडेला गेला,
चेंडू पडायचा आणि कचेरीतल्या अर्जासारखा
जसा आला तसाच पुढं सरकायचा.
फलंदाज चुकत नव्हता.
चुकायला समोर काही असावं लागतं.
त्याचं द्विशतक मीच टांगलं,
दोन, शून्य, शून्य,
हात जरासुद्धा थरथरला नाही.
लिंबाखाली तीन प्रेक्षक,
त्यातला एक झोपलेला.

कसोटी म्हणतात मोठ्या सामन्यांना.
सराफाकडं असतो तो काळा दगड, सोनं घासून बघायचा.
तो काचेगत झाला तर
रेघच उमटत नाही त्याच्यावर,
सोन्याची नाही, पितळेची पण नाही.
आता मालकाच्या टीव्हीवर बघतो मी,
चार बाद साडेपाचशे,
निवेदक आनंदानं ओरडत असतो,
आणि मला कोळी दिसतो.

तिसऱ्या दिवशी इरण्णाची अक्कलकोटची शेवटची गाडी चुकली.
आमच्याकडंच जेवला, कडक भाकरी आणि ठेचा.
ठेचा कसला, मिरचीचे अख्खे तुकडे.
अनसूया म्हणाली,
‘पाटा गुळगुळीत झालाय की ओ,
वाटायला गेलं तर मिरची नुसती पळती इकडून तिकडं.’
इरण्णा हसला नाही. भाकरी मोडत राहिला.

सकाळी गल्लीत हाक आली,
‘टाकीऽऽ लावायची का, पाट्यालाऽ, जात्यालाऽ’
वडाराची बाई, पदर खोचलेला, हातात छिन्नी.
पाटा उंबऱ्याला टेकवून बसली
आणि टक् टक् टक् टक्,
दगडाचं पीठ उडायला लागलं,
तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या.
इरण्णा दात घासता घासता उकिडवा बसला तिच्यापाशी.
झाल्यावर त्यानं ते बोट, घट्ट्याचं,
पाट्यावरून हळूच फिरवलं.
पुन्हा फिरवलं.

‘मावशी, पार्कावर येता का? तिथं पण एक पाटा आहे.’
‘केवढा?’
‘बावीस यार्ड.’
तिनं छिन्नी पदराला पुसली.
‘एवढा मोठा? काय वाटतात त्याच्यावर?’
‘आम्हाला,’ इरण्णा म्हणाला,
आणि चूळ भरायला मोरीकडं गेला.

सामना अनिर्णित. दुसऱ्या संघानंही तेच केलं,
एक बाद तीनशे नऊ.
पत्रे उतरवून पोत्यात भरले.
फलकाच्या कोपऱ्यातलं जाळं तेवढं ठेवलं,
सामन्यात एवढंच काय ते पुरं झालं होतं.

घरी ताज्या टाकीवरचा ठेचा वाढला होता.
पहिला घाणा टाकून द्यायचा असतो,
कच येते दाताखाली.
मी टाकू दिला नाही.
करकर वाजत होतं तोंडात,
डोळ्यांत पाणी,
अनसूया बघतच राहिली,
मी आणखी एक भाकरी मागून घेतली.