नवयुवक, वाढोणा

मंडळाचं नाव नवयुवक.
मी अडतीसचा, गजू ढोबळे एकेचाळीसचा,
रफिकच्या पोरीचं यंदा लग्न ठरलं.
जर्सी बियाण्याच्या कंपनीची,
पाठीवर नंबर, पोटावर कपाशीचं बोंड.

दारव्ह्यात पहिल्याच फेरीत गेलो.
आर्णीत दोन लोण बसले.
दिग्रसला निवेदकानं 'वाढोणा'चं 'वाढा ना' केलं,
आणि प्रेक्षकांतून कोणी ओरडलं,
"जेवाले आले का बे हे?"
आम्हीही हसलो. भूक खरीच लागली होती.

डिसेंबरात डाखोरे सरांनी एक पोट्टा आणला.
सुगत नगराळे. सतरा वर्षं, बावन्न किलो.
विटभट्टीवर विटा झेलायचा, म्हणून तळहात रुंद,
आणि काही विचारलं तर नुसती मान.
गजू म्हणाला, "सर, याले कायले आनलं?
वारा सुटला त उडून जाईन."

पहिल्या चढाईला तो पलीकडे गेला
तेव्हा त्याचा दम आम्हाला ऐकूच आला नाही.
पंचांनी वाकून कान दिला.
होता. शेजारच्या गावची गिरणी
रात्री ऐकू येते, तेवढाच.
मग तिघांना शिवून तो आमच्यात उभा होता
आणि तिकडे धूळ अजून बसायची होती.

तरीही हरत राहिलो.
तो बारा आणायचा, आम्ही वीस देऊन टाकायचो.

जिनिंगच्या मागे माती चाळून सराव.
मी डावा कोपरा. आयुष्यात एकच गोष्ट आली, पट काढणं.
तीच त्याला उलटी शिकवली:
पाय धरला की पाय सोडवत बसू नको.
रेघेकडे पड.
जेवढा लांब आहेस तेवढा लांब पड.
शंभरदा पाडला. शंभरदा उठला.
एकशेएकाव्यांदा म्हणाला, "काका, अजून एक डाव."

पुसदला उत्कृष्ट चढाईपटू. बक्षीस: टेबलफॅन.
छोट्या हत्तीच्या मागच्या फळ्यावर
जानेवारीच्या रात्री मफलर बांधून कुडकुडणारे आठ जण
आणि एक पंखा.
गाडीनं वेग घेतला तशी पाती आपसूक फिरायला लागली.
वायर सुगतच्या खिशात.
तो बघत बसला, आम्ही त्याला बघत बसलो,
आणि रफिक म्हणाला,
"बंद कर रे बाबा, थंडी वाजते."

मग बुलेटवर दोघं आले, यवतमाळचे.
बूट, होस्टेल, महिन्याला सहा हजार.
सरांनी शाळेच्या टेबलावर सही केली,
कागदावर खडूचं बोट उमटलं.
आम्ही कोणी काही बोललो नाही.
काय बोलणार? सहा हजार.

महाशिवरात्रीची यात्रा, आमचंच मैदान.
तो निळ्या जर्सीत, पायात नवे बूट.
निवेदक या वेळी नीट म्हणाला,
वाढोण्याचा सुपुत्र.
त्याची आई दोरीपाशी उभी,
टाळी कधी वाजवायची ते तिला कळत नव्हतं.

तिसऱ्या चढाईला तो माझ्या कोपऱ्यात आला.
डावा पाय आधी टाकतो, मला ठाऊक.
दोन्ही हातांनी घोटा धरला.
त्यानं पाय ओढला नाही.
रेघेकडे पडला, होता तेवढा लांब,
आणि मी त्याच्या पायावर, गुडघ्यासकट, सगळा.
त्याचा दम पहिल्यांदाच मोठ्यानं ऐकला.
मग तो संपला.
शिट्टी.

तो उठला. माझ्या गुडघ्याची माती झटकली.
"काका, लागलं त नाई?"
मी म्हणालो, "चार बोटं राहिली रेघ."
"हो," म्हणाला, आणि बाहेर जाऊन बसला.

सतरा गुणांनी हरलो.

सात नंबरची जर्सी धुऊन ठेवली आहे.
गावात कोणाचा पोट्टा पळत असेल
तर डाखोरे सरांना भेटावं,
सायंकाळी, जिनिंगच्या मागे.