पाणसळ

लोलयेच्या सड्यावर पहार मारली
की आधी आवाज येतो,
मग मनगटापासून कोपरापर्यंत झिणझिण,
आणि बऱ्याच वेळानं
मूठभर लाल चुरा.

मी पुरसोला सांगितलं, दोन फूट.
पुरसो म्हणाला, गालजीबागला आमच्याकडे
दोन फुटांवर पाणी लागतं.
इथं सकाळपासून नऊ इंच.

जांभा असाच.
वरचा पापुद्रा ऊनवाऱ्यात लोखंड झालेला,
आत ओला, पिवळट,
सुरीनं कापावा असा.
पण आत पोचेपर्यंत दोन छिन्न्या बोथट.

छपरावरच लावू, मी आधी सुचवलं होतं.
मिनिन रेबेलो म्हणाले,
नळे माझ्या वयाचे आहेत.
तू चढलास तर तूच खाली येशील,
सिग्नल नाही.

तारवटी माणूस. बावीस वर्षं बोटीवर,
इंजिनाशेजारी झोपून उजवा कान गेलेला.
खड्ड्याशी खुर्ची टाकून बसले होते,
डावा कान आमच्याकडे करून,
पहारेच्या आवाजावरून सांगत होते:
अजून दगड.
अजून दगड.
आता बदलला.
खरंच बदलला होता.

काजूखाली पेज, तोरांचं लोणचं,
पुरसोच्या तळहातावर दोन फोड.

तीन वाजता पाइप उभा केला.
बुडाला दोन सळ्या आडव्या जोडलेल्या,
वाऱ्यानं खांब जागच्या जागी फिरू नये म्हणून.
खडी, वाळू, सिमेंट.
पाणी त्यांनीच ओतलं, जरा जास्त.

मग पाणसळ लावली.
उत्तरेच्या बाजूनं बुडबुडा मध्ये.
पूर्वेच्या बाजूनं केसभर डावीकडे.
पुरसोनं रेटलं, पूर्वेचा मध्ये आला,
उत्तरेचा सटकला.
पुन्हा. पुन्हा.
चिपा ठोकल्या, दगड दाबले,
आणि शेवटी मी म्हटलं, चालेल,
पुढचं तबकडी सांभाळून घेईल.

ते उठले.
लांब गेले, पार बांधापर्यंत.
एक डोळा मिटला,
आणि खांबामागे जिथं समुद्राची रेघ होती
तिथं काटकोनात अंगठा धरला.
तिथूनच ओरडले, चालणार नाही.
जमिनीकडे. एक तांदूळभर.

तांदूळभर रेटलं.
बुडबुडा दोन्हीकडून मध्ये येऊन
असा थांबला
की पुरसोनं श्वास सोडायलाही वेळ घेतला.

बोटीवर पेल्यातलं पाणी कधी पेल्याचं ऐकत नाही,
एवढंच म्हणाले, खुर्ची घडी करताना.
आणि मग, पाणसळ रात्रीपुरती ठेवून जा.

दुसऱ्या दिवशी तबकडी चढवली.
फोनमधलं होकायंत्र त्या दगडावर गिरक्या घेत होतं,
म्हणून शेजाऱ्याच्या तबकडीकडे बघून आग्नेय धरली.
पहिल्याच फेरीत चित्र.
ओफेलिनबाय टाळ्या वाजवत बाहेर आल्या,
पिठाचे हात, अंगणभर पांढरा धूर.

मिनिनबाब टीव्हीसमोर नव्हते.
आत ओणवे होऊन फिरत होते, हातात माझी पाणसळ.
जेवणाचं टेबल रांदचेकुडीकडे कललेलं.
खिडकीची चौकट बाहेर.
फरशीवर ठेवली तर बुडबुडा थेट दाराकडे पळाला,
जणू त्याला बस गाठायची होती.

रात्रभर हेच, ओफेलिनबाय म्हणाल्या,
माझा पलंगसुद्धा मोजला.
आल्ताराच्या फळीपाशी पोचल्यावर मात्र
मीच याचा हात धरला.
सायबाला तिरकं राहायची सवय झाली असेल,
आता कशाला हलवतोस?

ते हसले, ऐकू आलं नसावं.
दारात उंबऱ्यावर बसले
आणि खांबाकडे बघत राहिले,
एखादं मूल शाळेतून पहिल्यांदा
एकटं घरी आल्यासारखे.

पैसे मोजून दिले.
पाणसळ मागायची माझ्या लक्षातच नाही आली.
काणकोणला पोचल्यावर पुरसो म्हणाला,
तीनशे रुपयांची होती.

असू दे, मी म्हटलं.
गाडी चढणीवर लागली होती,
आम्ही दोघंही मागे कलंडलेले.